डावीकडची संत्री

एका आजाराला किती किस्से फुटावेत याला काही सुमारच नसतो. आमच्या पांढुर्ण्याच्या घरी भेटायला येणारा माणूस दारातच चेहरा पाडतो. चपला काढता काढता त्याचं सुरू होतं, "काय हो काकू, काय होऊन बसलं हे!" मी त्याला आधी बसवते, चहा देते आणि एक किस्सा सांगते. माणूस बशीतला चहा सांडेस्तोवर हसतो, आणि मग एकदम ओशाळतो, की आजाऱ्याच्या घरी आपण हसलो कसे! मी म्हणते, हस बाबा, आतमध्ये आजारीसुद्धा हसून राहिला आहे. दीड वर्षात इतके चहा झाले की आता हे लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर माझी नणंद सगळे किस्से स्वतःच्या नावावर खपवेल!

आधी माणूस सांगते. 'आमचे हे, आमचे हे' करत बसणं मला जमत नाही. नवऱ्याचं नाव पुंडलिक. काम, बागेचा अंदाज सांगणं. आमच्याकडे संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि झाडाला फळं किती लागली हे सांगायला मधे एक नजरेचा माणूस. पुंडलिक झाडासमोर उभा राहणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "नऊशे." मग तोडून मोजा! आठशे ऐंशीच्या खाली नाही आणि नऊशे वीसच्या वर नाही. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत त्याचा शब्द मालकालाही चालायचा आणि व्यापाऱ्यालाही. सकाळी डोक्यावर टोपी चढली की कोणाची तरी मोटारसायकल दारात उभीच.

पाहिलं ते मोजायचं, ही खोड त्याला पहिल्यापासून. लग्नाआधी मला पाहायला आला होता तेव्हा माझ्या बापाच्या माळवदाच्या कड्या मोजून गेला. मी कशी दिसते ते विचारलं तर म्हणे, "नीट ध्यान नव्हतं!"

* * *

उन्हाळ्यात एका सकाळी हा माणूस ओट्यावर बसून ओवा चावत होता. अंगातलं बनियन पिळून काढावं इतका घाम.

"काय होऊन राहिलं?" मी विचारलं.

"गॅस हाय."

"गॅस डाव्या हातात जाते का?"

"माह्या गॅसले कुठंबी जाता येते!"

मी उठले. त्याचा धाकटा भाऊ वासुदेव बोरगावला राहतो, त्याला फोन करून जीप मागवली आणि सरळ नागपूर गाठलं. मोठा अटॅक होता. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून पुंडलिक पहिलं वाक्य बोलला ते असं, "छताले एकशे बारा चौकोन हायेत. कोपऱ्यातला एक फुटला हाय." मी म्हटलं, वाचला!

पाचव्या दिवशी घरी जायच्या गोष्टी सुरू झाल्या. सकाळी मी सहज, थट्टेनं विचारलं, "मोजले का आज छताचे चौकोन?"

"छप्पन," तो म्हणाला.

"छप्पन? अन बाकीचे?"

"कायचे बाकीचे? एवढेच तं हायेत!"

मी तशीच उठले. नर्सकडे गेले. ती पोरगी कागद बघून म्हणाली, "आजी, बीपी बरोबर आहे, नाडी बरोबर आहे, काका बोलतायत पण छान."

"अवं पोरी, या माणसानं उभ्या जन्मात एवढी मोठी चूक केली नाही! याचं छत अर्धं झालं. डॉक्टरला बोलाव!"

ती काही हलेना. मग मी व्हरांड्याच्या मधोमध उभी राहिले आणि आमच्या शेतात डुकरं हाकलताना काढते तो आवाज काढला. डॉक्टर दोन मिनिटांत हजर! त्यानं पुंडलिकसमोर दोन्ही हात धरले, दोन्हीकडची बोटं हलवली. "काका, किती हात हलतायत?"

"एक," पुंडलिक म्हणाला. आणि डॉक्टरचा चेहरा पडला.

लगेच डोक्याचा फोटो काढला. अटॅकनं हृदयाचा एक कोपरा आळशी झाला होता, तिथं रक्त साकळलं, आणि त्याचा एक कण सुटून मेंदूच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. उजवा मेंदू डावी बाजू सांभाळतो. आमची चौथीपर्यंतची शाळा. पुढचं वाचायला मी खताच्या पोत्यांवर आणि रद्दीवर शिकले. तेव्हा मी डॉक्टरला म्हटलं, "इंग्रजी कागद तुमच्यापाशी ठेवा. मला मराठीत सांगा, मी लिहून घेते." त्यानं सांगितलं, मी लिहिलं: 'डोळे चांगले आहेत. पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरला आहे. आणि विसरला आहे हेही त्याला माहीत नाही.' औषध वेळेत सुरू झालं म्हणून बोलणं वाचलं, डावं अंग मात्र लुळं पडलं.

जाताना डॉक्टरनं विचारलं, "आजी, आमच्या मॉनिटरला कळलं नाही, तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "तुमचं मॉनिटर भिंतीला आहे. माझं पलंगावर होतं!"

* * *

त्याच वॉर्डातली गोष्ट. एक दिवस पुंडलिक ओरडायला लागला, "माह्या बिछान्यात हा कोनाचा हात हाय?"

हात त्याचाच. डावा. लुळा पडला होता, पांघरुणावर ठेवला होता.

मी म्हटलं, "तुमचाच आहे."

"उगी राय. माहा हात मले वळखू येत नाही का? हा वासुदेवचा हाय. लहानपणापासून सवय हाय त्याले, दुसऱ्याच्या गोधडीत घुसायची!"

वासुदेव पायथ्याशी उभा होता. साठी उलटलेला माणूस, पण भावाची ही दशा पाहून डोळ्यांत पाणी. त्यानं आपले दोन्ही हात वर केले. "दादा, पाह्य, माहे दोन्ही हात माह्यापाशी हायेत न!"

पुंडलिकनं ते हात पाहिले, बिछान्यातला हात पाहिला, मनातल्या मनात बेरीज केली आणि भावाला म्हणाला,

"मंग तुले तीन हायेत!"

* * *

घरी आणलं आणि दोन दिवसांत माझ्या सुनेची अब्रू गेली.

सून माझी जया. तिनं ताट वाढलं की पुंडलिक उजवीकडचा भात खाणार, डावीकडची भाजी तशीच. भाकरीसुद्धा अर्धी, सुरीनं कापावी तशी! वरून तक्रार, "भाजी वाढाची लाज वाटते का या घरात?" समोर ओट्यावर बसलेल्या बायकांनी ऐकलं. झालं! सासऱ्याला सून उपाशी ठेवते, ही बातमी लोधीखेड्यापर्यंत गेली. तिथं माझी नणंद. ती दुसऱ्या दिवशी बसनं डबा घेऊन आली, चार खणांचा.

"माह्या भावाले मी चारतो," म्हणाली आणि जयाकडे असं पाहिलं, की ती बिचारी रडकुंडीला.

नणंदेनं स्वतःच्या हातानं ताट वाढलं. पुंडलिकनं उजवी बाजू साफ केली, हात धुवायला पाणी मागितलं आणि बहिणीला म्हणाला, "तूबी तशीच व! वांग्याची भाजी आणली म्हने, कुठं हाय?"

भाजी त्याच्या समोर, डावीकडे, वाफा टाकत होती.

मी उठले, ताट अर्धं फिरवलं. पुंडलिकनं भाजी पाहिली, जेवला, ढेकर दिला आणि म्हणाला, "जया सुधरली बरं का!"

जया मला म्हणाली, "आई, फिरवलं तुम्ही, सुधारले मी. याला काय म्हणावं?"

मी म्हटलं, "संसार!"

* * *

व्यायाम करून घ्यायला सौंसरहून प्रज्ञा यायची. तिचे वडील नगरपालिकेत कामाला, पोरगी स्वतःच्या हिमतीवर फिजिओथेरपी शिकली. आठवड्यातून दोनदा स्कूटीवर यायची आणि पुंडलिकचे कान उपटायची. मला ती पहिल्या दिवशीच आवडली.

ती म्हणाली, "आजी, आता आजोबांशी जे काही बोलायचं ते डावीकडून. पाणी डावीकडून, गोळी डावीकडून, भांडण पण डावीकडून. मान तिकडे वळली पाहिजे."

इतकी वर्षं मी उजवीकडून भांडत होते. सगळा संसार उचलून दुसऱ्या अंगाला नेला!

पण मान काही वळेना. डावीकडून "गोळी घ्या" म्हटलं की पुंडलिक भिंतीसारखा. "चला, उठा, दहा पावलं चालू" म्हटलं की भिंतीसारखा. प्रज्ञा म्हणे, अजून वेळ लागेल, मेंदू शिकतो हळूहळू. मलाही खरंच वाटलं.

एक दिवस ती त्याचा हात चोळत होती. मी डावीकडे उभी. जया चुलीपाशी. मी अगदी हळू, ओठातल्या ओठात जयाला म्हटलं, "कालची एक पुरणपोळी उरली आहे न ग?"

मान वळली! अशी वळली, की प्रज्ञा दचकली.

"कुठं हाय?" पुंडलिक म्हणाला.

प्रज्ञा हसून हसून खाली बसली. मग वही काढून गंभीर चेहऱ्यानं तिनं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'डावीकडे लक्ष देण्याचा व्यायाम, रोज तीन वेळा. पोळी फक्त दाखवायची. द्यायची नाही, हृदयाचा पेशंट आहे.'

* * *

आता जरा वेगळं सांगते. सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुंडलिक काठीच्या आधारानं चालायला लागला. हात अर्धा हलायचा. बोलणं पहिल्यासारखं, तोरा पहिल्यासारखा. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस बरा झालेला दिसायचा. त्यात सावरगावचा धनराज, नात्यातलाच, एका सकाळी मोटारसायकल घेऊन आला. "काका, माह्या बागेचा व्यापारी आला हाय. तुमच्या शब्दाशिवाय मी सौदा करत नाही." मी आंघोळीला गेले होते. येऊन पाहते तर टोपी नाही आणि माणूस नाही!

मी रिक्षा पकडली, जाम नदी ओलांडून सावरगाव गाठलं. बागेत पोचले तेव्हा पुंडलिक झाडासमोर उभा होता, आणि व्यापारी मिशीतल्या मिशीत हसत होता. कारण पुंडलिक म्हणाला होता, "साडेतीनशे."

त्या झाडावर सातशे होती. आंधळ्यालाही दिसली असती! पण धनराजची या माणसावर इतकी श्रद्धा, की तो "काका म्हणाले म्हणजे तितकीच" म्हणून मान डोलवायला निघाला होता.

आमच्याकडे बाई फळं तोडते, वेचते, टोपली डोक्यावर वाहते. सौदा चालू असताना मात्र बांधाच्या पलीकडे उभी राहते आणि तोंड उघडत नाही. मीही कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी बांधावरूनच ओरडले, "धनराज, हो म्हणशील तर खबरदार! काकाला अर्धंच झाड दिसून राहिलं आहे!"

सगळ्यांच्या माना बांधाकडे वळल्या. धनराजनं झाडाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. पुंडलिक माझ्यावर तापला. "मले अर्धं दिसते? यंदा झाडालेच अर्धं फळ हाय! गळ लागली हाय सगळ्या बागाईले, कोनाच्या ध्यानात येऊन नाही राहिली!"

घरी येईपर्यंत रिक्षात तो मला हेच समजावत होता. सगळी संत्री गळाली. सगळ्यांच्या भाकरी अर्ध्या झाल्या. दुनियाच अर्धी झाली, पण त्याला काही झालं नाही!

प्रज्ञाला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हात सुधारेल. चाल सुधारेल. पण डावीकडे आपल्याला कळत नाही, हे आजोबांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे. तोवर त्यांचं काम त्यांना परत मिळणार नाही. आणि हे मी म्हणवून घेऊ शकत नाही, तुम्ही पण नाही."

मी काय कमी खटपट केली! आरसा दाखवला, फोटो दाखवला, अर्धी दाढी केलेला चेहरा त्याच्याच हातानं चाचपायला लावला. म्हणे, "ब्लेड बोथट हाय!"

त्या दिवसानंतर कोणाची मोटारसायकल आली नाही. पुंडलिक रोज सकाळी टोपी घालून ओट्यावर बसायचा. रस्त्यानं गाडी गेली की काठी सावरायचा. गाडी पुढे गेली की काठी खाली. जया मला म्हणाली, "आई, टोपी लपवून ठेवू का?" मी म्हटलं, "टोपीला हात लावशील तर बघ!"

* * *

आणि मग आमच्याच बागेची पाळी आली. पावसाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारा मृगाचा बहार होता, फळ छान पिवळं झालेलं. वासुदेव आदल्या दिवशी येऊन म्हणाला, "वहिनी, मी लोधीखेड्याहून दुसरा माणूस आणतो अंदाजाले. दादाले काही सांगू नका, वाईट वाटन त्याले."

मी म्हटलं, "बाग त्याची, झाडं त्यानं लावली. दुसरा माणूस माझ्या बांधावर चढणार नाही."

"अन अर्धंच बोलला त?"

"अर्धं बोलेल तर अर्धं जाईल. माझी पण बाग आहे!"

हे बोलले खरी, पण रात्री मीही झाडंच मोजत पडले.

सकाळी व्यापारी आला, बाहेरगावचा शेठ. सावरगावचं सगळं त्याच्या कानावर गेलेलं असणार, कारण चेहऱ्यावर नुसतं लोणी. "काकाजी, आप जो बोलोगे वो मंजूर! तुमच्या शब्दाच्या बाहेर मी नाही." वासुदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी रिवाजाप्रमाणे बांधाच्या पलीकडे, हाताची घडी घालून.

पुंडलिक मधल्या झाडासमोर उभा राहिला. डोळे बारीक केले. खूप वेळ गेला. पूर्वी त्याला चिलमीचा एक झुरका घ्यायला लागतो तितका वेळही लागायचा नाही.

"साडेचारशे," तो म्हणाला.

"मंजूर!" शेठनं हात पुढे केला.

मी जीभ दाताखाली धरली. इतकी धरली, की रक्ताची चव आली. ओरडायचं नाही असं ठरवूनच आले होते.

पुंडलिकनं त्याचा हात काही घेतला नाही. काठी उचलली आणि झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हवेत एक उभी रेघ ओढली.

"हे इकडचे झाले," तो म्हणाला.

"मतलब?"

"डावीकडचं मले समजत नाही आता. तिकडचे इले विचार." आणि काठी माझ्याकडे केली.

शेठ हसला. "बाईजीला? काकाजी, सौद्यात बाईमाणूस कधी बोलते का?"

"विचार म्हनलं न!"

वासुदेव खाली मातीकडे पाहायला लागला. मी पदर खोचला, बांध ओलांडला आणि झाडाजवळ गेले. जवळ जायची गरज नव्हती, मला बांधावरूनच दिसत होतं. पण म्हटलं, पाहू दे सगळ्यांना.

"सहाशे," मी म्हणाले.

"वहिनी, डावीकडं एवढी जास्त कशी?" वासुदेव कुजबुजला.

"डावीकडून पाण्याचा पाट जातो. इतकी वर्षं बाग तुमची, पाट काय माझ्या माहेरचा आहे, मलाच ठाऊक असायला?"

शेठ म्हणाला, हे काही चालणार नाही, फळं तोडून मोजू. पुंडलिक म्हणाला, "मोज!" सहा जण शेठनंच आणलेले. त्यांनी झाडाची फळं तोडली, शेठनं स्वतः शंभर-शंभराचे ढीग लावले. उजवीकडची आणि डावीकडची वेगवेगळी. उजवीकडची साडेचारशे भरली, एकही कमी नाही. डावीकडचा शेवटचा ढीग त्यानं दोनदा मोजला, कंबर सरळ केली आणि एकदम आनंदानं म्हणाला,

"पाचशे ऐंशी! वीस कमी, बाईजी, वीस!"

मी नुसतं झाडाखाली बोट दाखवलं. ताज्या सालींचा हा एवढा ढीग! आणि तोडणारे सहाच्या सहा जण आभाळाकडे बघत तोंड पुसून राहिले होते.